वारा तिकडून आहे म्हणून

मिलिंददादा,

तुला जाऊन तेवीस दिवस झाले. हॅनोव्हरमधल्या आपल्या लोकांनी ग्रुपवर तुझ्याबद्दल खूप लिहिलं. कुठे शिकलास, किती वर्षं इथे होतास, किती जणांना घर मिळवून दिलंस, किती जणांची फॉर्म्युलारं भरून दिलीस. सगळं खरं आहे. मी ते परत लिहीत नाही. मला तुझ्याशी बोलायचं आहे. खरं म्हणजे भांडायचं आहे, कारण आपलं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि त्यात मी जिंकत होते.

भांडण माशांचं होतं. हवेचा दाब पडायला लागला की बार्श तुटून पडतात, हे तुझं म्हणणं. बार्श म्हणजे तुझा लाडका मासा. हिरवट अंगावर काळे पट्टे, पोटाखाली लाल पर, आणि पाठीवरचा काटा असा की नीट धरला नाही तर तळहातातून रक्त येतं. तू अमेरिकेतल्या लोकांचे बास नावाचे मासे पकडण्याचे व्हिडिओ बघायचास. टोपी घातलेली माणसं मोटारबोटीत बसून बॅरोमीटर दाखवत सांगायची की काटा खाली येतोय, आता बघा. ते पाहून तू म्हणायचास, बास काय आणि बार्श काय, स्वभाव एकच. मी म्हणायचे, दादा, मी सहा वर्षं हवामान शिकतेय. मोठं वादळ येतं तेव्हा दाब फार तर पंधरा-वीस हेक्टोपास्कलनं पडतो. दहा हेक्टोपास्कल म्हणजे पाण्यात दहा सेंटिमीटर. मासा शेपटी एकदा हलवून त्याहून जास्त वरखाली होतो. त्याला तुझ्या बॅरोमीटरचं काय पडलंय?

"मग दाब पडला की ते चावतात काऊन?" तू विचारायचास.

मी सांगायचे की दाबाबरोबर ढग येतात, उजेड कमी होतो, वारा सुटतो. वारा वरचं कोमट पाणी आणि त्यातले बारीक जीव एका काठाकडे ढकलतो, त्यांच्यामागे छोटे मासे जातात, छोट्यांच्या मागे तुझे बार्श. कारण वारा आणि उजेड, दाब नव्हे. तू शांतपणे ऐकून घ्यायचास आणि म्हणायचास, "गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणजे दाब पडला की चावतात."

चार वर्षं आपण हेच बोललो. मला वाटतं आपल्या दोघांनाही ते संपवायचं नव्हतं.

मी आले तो ऑक्टोबर होता. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात तू खुर्च्या मांडत होतास. मी तुला "सर" म्हटलं, तू मान वर करून बघितलंस आणि म्हणालास, इथे सर कुणी नाही, मी भंडाऱ्याचा मिलिंद. मग मी "दादा, तुम्ही" वर आले. नोव्हेंबर लागला आणि दुपारी चारला दिवे लावायची वेळ झाली. नांदेडच्या मुलीला एवढा अंधार माहीत नव्हता. विद्यापीठातून घरी यायचं, जॅकेट न काढता पलंगावर बसायचं आणि तसंच बसून राहायचं, असं माझं चाललं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. तुला कसं कळलं ते आजवर माहीत नाही. एका रविवारी सकाळी तू खाली येऊन बेल वाजवलीस. वहिनींनी डब्यात थालीपीठं दिली होती आणि गाडीत मागे गळाच्या काठ्या होत्या.

गाडीत मी विचारलं, एवढ्या थंडीत मासे मिळतात? तू म्हणालास, "ते बघू. तू हवामान शिकतेस ना? मग खिडकीतून काय बघत बसलीस?"

शहराच्या दक्षिणेला खडी उपसून झालेले ते तलाव. तिसरा आपला. गाडी लावायची जागा नैर्ऋत्येच्या टोकाला आणि तुझी आवडती खाडी बरोबर समोर, पलीकडच्या टोकाला, अर्धा तास चालत. त्या दिवशी तू मला वारा ओळखायला शिकवलंस. कानामागे ओलं बोट फिरवायचं, डोळे मिटायचे आणि सावकाश गोल फिरायचं. मला हसू आलं होतं. मी संगणकावर अख्ख्या युरोपचा वारा बघायचे, पण माझ्या स्वतःच्या अंगावर येणारा वारा कुठल्या दिशेचा हे मी कधी बघितलं नव्हतं. मी डोळे मिटून फिरले, थांबले आणि म्हणाले, नैर्ऋत्य. तू म्हणालास, पास. त्या दिवशी तुला एकही मासा मिळाला नाही. परतताना मी गाडीत झोपले, आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला गेले. माझ्या आयुष्यात त्या सकाळीनं काय केलं हे मी तुला कधी सांगितलं नाही. आपण दाबावरच बोलत राहिलो.

त्या दिवसानंतर कधीतरी "तुम्ही" गळून पडलं. मला सख्खा भाऊ नाही. तूच म्हणाला होतास, बहीण तुम्ही म्हणत नसते.

माझ्याकडे मासेमारीचं कार्ड नव्हतं, म्हणून मी काठीला हात लावायचा नाही हा तुझा कडक नियम. तू स्वतः ती परीक्षा दिली होतीस. माशांच्या जाती, रोग, कायदे, सगळं जर्मनमध्ये घोकून. फेराइनचं, म्हणजे मासेमारांच्या मंडळाचं, कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवायचास. कुणी विचारत नसे, तरी. एकदा ते नीट करत तू म्हणालास, "हे दाखवलं की कोणत्याही काठावर बसता येतं. आमच्या गावच्या तलावाचे दोन काठ होते. आजोबा एकाच काठावर जायचे." आणि काठी घेऊन पुढे निघालास. मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं. तुला सांगायचं असावं असं आता वाटतं.

पंचशीलावरूनही मी तुला छळलं. सकाळी पाणातिपाता वेरमणी, हे जीवहत्या न करण्याचं पहिलं शील, म्हणायचं आणि दुपारी मासे मारायचे, हे कसं काय, असं मी पहिल्याच हिवाळ्यात विचारलं होतं. तू चिडला नाहीस. म्हणालास, मी सुकट-बोंबलावर वाढलोय, मला साधू व्हायचं नाही. पण इथला कायदा मला पटतो. खायचं असेल तर पकड. गंमत म्हणून पकडायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायचं, हे इथे चालत नाही. प्राण्याला त्रास द्यायचा तर त्याला कारण पाहिजे. तू मासा पाण्याबाहेर आला की एका फटक्यात संपवायचास, आणि त्याच्या आधी ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायचास. दरवेळी. फेराइनच्या मापात न बसणारा छोटा लागला तर तो सोडावाच लागे, आणि तो सोडताना तुझा चेहरा खुलायचा, हे मी पाहिलंय. ते पुटपुटणं काय होतं? वहिनींना माहीत नाही. मी विचारलं.

उन्हाळ्यापर्यंत सगळं ठीक होतं. निदान मला तसं वाटत होतं.

तुझ्या कंपनीतला विभाग बंद झाला आणि जूनमध्ये तू नव्या ठिकाणी लागलास. सेहेचाळीसाव्या वर्षी पुन्हा प्रोबेत्साइट. सहा महिने, त्यात कधीही काढून टाकतील. तू म्हणायचास, पोरांबरोबर बसून नवीन सॉफ्टवेअर शिकतोय, मजा येतेय. माझंही थीसिस लिहिणं सुरू झालं आणि रविवार बंद झाले. मग तू तलावावरून मेसेज पाठवायला लागलास. लांब काही नाही. "१००६, पडतोय. नैर्ऋत्य. पलीकडची खाडी. चार." म्हणजे दाब, वारा, जागा, मासे. मी खाली लिहायचे, "वाऱ्यामुळे." तू लिहायचास, "दाबामुळे." यातच आपला रविवार व्हायचा.

सप्टेंबरात एकदा मी आले. तुला आठवत असेल तो दिवस. सकाळपासून उकाडा, आकाश पिवळट, संध्याकाळी गडगडाट होणार हे स्पष्ट होतं. तू खूश होतास, दाब भराभर पडत होता. आपण खाडीकडे निघालो. नेहमी तू पुढे आणि मी मागून धापा टाकत. त्या दिवशी मी बोलत बोलत पुढे गेले, वळून पाहिलं तर तू लांब मागे एका पडलेल्या झाडाच्या खोडावर बसला होतास. पिशवी पायाशी. डावा हात छातीवर, म्हणजे छातीच्या मधोमध, सपाट ठेवलेला. मी परत आले. तुझ्या कपाळावर घाम होता, पण तो मलाही होता.

तू म्हणालास, "काही नाही. दाब पडला की इथं आवळल्यासारखं होतं."

आणि दादा, मी हसले. मला वाटलं, सापडला. मी तिथेच, त्या खोडासमोर उभी राहून तुला समजावायला लागले. हवेचा दाब एवढ्यानं बदलला तर माणसाच्या छातीला काही कळत नाही, जर्मन लोक डोकं दुखलं की हवामानाला बोल लावतात, तुलाही त्यांचं लागलंय. मी म्हणाले, तू चौथ्या मजल्यावर राहतोस. जिने चढून घरी जातोस तेव्हाही दाब कमीच होत असतो. मग तेव्हा का नाही दुखत?

"दुखतं ना," तू म्हणालास.

मला तो विनोद वाटला. टाळ्या वाजवायच्याच बाकी राहिल्या होत्या. तूही हसलास. मग जरा वेळानं मी म्हणाले की दाखवून घे एकदा, जसं आपण कुणालाही म्हणतो, आणि तू म्हणालास, प्रोबेत्साइट संपू दे. आत्ताच सुट्ट्या टाकायला लागलो तर काय म्हणतील. नोव्हेंबर संपला की डॉक्टरची टर्मिन घेतो. आणि उठता उठता, माझ्याकडे न बघता, तू म्हणालास, "वहिनीला नको सांगू. ती उगाच झोपणार नाही."

मी हो म्हटलं. एवढंच. पुढे गडगडाट होईपर्यंत आपण बसलो, तुला सात बार्श मिळाले, आणि तू मला ते सात मासे पुरावा म्हणून दाखवलेस.

त्यानंतर तुझे मेसेज येत राहिले. "१०१२, स्थिर. पूर्वेचा वारा. मधला बाक. एक." पुढच्या आठवड्यात, "१००९, पडतोय. पूर्व. गाडीजवळ. शून्य." मी एकदा विचारलं होतं, खाडी सोडून गाडीजवळ का बसलास? तू लिहिलंस, "वारा तिकडून आहे म्हणून." पूर्वेचा वारा असेल तर पाणी गाडीच्या बाजूला ढकललं जाणार, मासे तिथे येणार. हे मीच तुला शिकवलेलं. मला बरं वाटलं. शेवटी दादाला वारा पटला, असं मी मनात म्हणाले आणि पुन्हा माझ्या तिसऱ्या प्रकरणात डोकं घातलं.

तू गेल्यावर चौथ्या दिवशी मी ऑफिसात बसून जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदी उघडल्या. का उघडल्या माहीत नाही. हाताला दुसरं काही काम सुचत नव्हतं. तुझा एकेक रविवार काढून पाहिला. पूर्वेचा वारा नव्हता, दादा. नऊपैकी सात रविवारी वारा नैर्ऋत्येचाच होता, चांगला, भरपूर, तुझ्या खाडीत मासे जमवणारा. तू गाडीजवळच्या बाकावर बसलास कारण तुला पुढे चालवत नव्हतं. हवामान शिकणाऱ्या मुलीला तू खोटं हवामान कळवत राहिलास, आणि तिनं एकदाही खिडकीतून बाहेर पाहिलं नाही. त्यासाठी केंद्राच्या नोंदी लागत नव्हत्या. कानामागे ओलं बोट पुरलं असतं.

मी त्या पडद्यासमोर किती वेळ बसले होते ते सांगता येणार नाही. माझी सहकारी आन्या येऊन विचारून गेली, सगळं ठीक ना. मी हो, हो म्हणाले.

आता तो रविवार. त्या दिवशी मात्र तू खरं कळवलंस. सकाळी सव्वाआठला मेसेज आला. "१०३१, चढतोय. पूर्वेचा वारा, बोचरा. निरभ्र. आज काही मिळणार नाही. तरी येतेस?"

चढता दाब, लख्ख ऊन, पूर्वेचा कोरडा वारा. तुझ्या हिशोबात आणि माझ्याही हिशोबात यापेक्षा वाईट दिवस नसतो. पाणी गार आणि काचेसारखं, बार्श तळाला जाऊन तोंड मिटून बसतात. अशा दिवशी तू कधी काठ्या बाहेर काढल्या नव्हत्यास. एकदा मीच चल म्हटलं होतं तर तू म्हणाला होतास, उगाच पाण्याकडे बघत बसायचं असेल तर घरी बादली आहे. आणि त्या दिवशी तू निघालास, आणि मला विचारलंस, तरी येतेस का. तू मला कधी विचारत नसायचास. बेल वाजवायचास, नाहीतर एकटा जायचास.

मी लिहिलं, "मग कशाला जातोस? मला आज प्रकरण द्यायचंय." पुढे हसरा चेहरा. तू अंगठा पाठवलास.

तुला माझ्याशी काय बोलायचं होतं? रोज दहा वेळा विचारते. कदाचित काही नव्हतं. कदाचित नुसतं कुणीतरी शेजारी हवं होतं. मला हेही माहीत आहे की मी आले असते तर पुन्हा दाबावर बोलले असते, आणि तू ऐकून घेतलं असतंस. पण मी तिथे असते.

हेर कुंत्झे होते. तुझ्या फेराइनमधले ते म्हातारे, ज्यांना तू एकदा वहिनींच्या हातची झणझणीत रस्सेदार मच्छी खायला घातली होतीस आणि ते घाम पुसत पुसत दुसऱ्यांदा मागत होते. ते कुत्र्याला फिरवायला आले होते. मी नंतर त्यांना भेटले. त्यांनी सांगितलं की तू गाडीजवळच्या बाकावर बसला होतास, काठी पाण्यात टाकलेली, आणि दुरून तू नेहमीसारखाच दिसलास. त्यांनी मोर्गन म्हटलं. तू उत्तर दिलं नाहीस. त्यांना वाटलं, गळाकडे लक्ष असेल, म्हणून ते पुढे गेले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा कुत्रा तुझ्या पायाशी जाऊन बसला आणि उठेना. मग त्यांना कळलं. अँब्युलन्स लवकर आली, सगळं केलं त्यांनी. हेर कुंत्झे मला सांगत होते की मी पहिल्या वेळी थांबायला हवं होतं. ते रडत होते. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, तुमचं काही चुकलं नाही. ते वाक्य तोंडातून बाहेर पडताना मला कळलं की हे मला कुणी म्हणू शकणार नाही, कारण कुणाला काही माहीतच नाही.

दहाव्या दिवशी आपण तुझा जलदान विधी केला. शाळेची ती खोली भाड्यानं घेतली होती. वहिनींनी पांढरी साडी नेसली होती, तुझ्या लेकीनं, मैत्रीनं, तुझा पांढरा शर्ट घातला होता, बाह्या दुमडून. अस्थी अजून मिळाल्या नव्हत्या. इथे सगळ्याला आठवडे लागतात, आणि भंडाऱ्याला न्यायच्या तर कागद वेगळे. तुझा भाऊ व्हिडिओवर होता. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील घेतलं. पहिल्या शीलाला मी नुसते ओठ हलवले. नंतर चहाच्या वेळी मैत्री माझ्याजवळ आली. सोळा वर्षांची पोर, उंचीनं तुझ्यावर गेलेली. ती तुझं मराठी सगळं समजायची आणि उत्तर जर्मनमध्ये द्यायची, त्यावरून तुमचं रोज वाजायचं. तिनं मला जर्मनमध्येच विचारलं, आत्या, पापानं तुला काही सांगितलं होतं का? त्याला काही होत होतं का?

मी नाही म्हटलं.

तिनं मान हलवली आणि कप गोळा करायला गेली. मी तिच्याकडे बघत राहिले. तुला दिलेला शब्द मी पाळला, दादा. तू नसताना, तुझ्या मुलीसमोर, तुझ्या फोटोपुढे. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

पुढचे बारा दिवस मी स्वतःला समजावत राहिले. सांगून काय होणार, तू परत येणार नाहीस, वहिनींना आणखी त्रास. हे सगळं मी स्वतःला वाचवायला म्हणत होते. तुझ्यावरही चिडले. खूप चिडले. तू माझ्यावर हे ओझं टाकलंस आणि निघून गेलास. नोकरीच्या सहा महिन्यांसाठी कुणी जीव पणाला लावतं का? आणि झोप वहिनींची जाऊ नये म्हणून? आता झोपतात का त्या? मग राग ओसरायचा आणि आठवायचं की तू चार जणांच्या प्रोबेत्साइटमध्ये त्यांना धीर दिलास, त्यांच्यासाठी डॉक्टरांच्या टर्मिन घेऊन दिल्यास, माझ्या दातासाठी स्वतः फोन करून बाईशी भांडलास. तुझ्यासाठी एक फोन करायला तुझ्याजवळ कुणी नव्हतं. होते खरं तर. मी होते.

काल मी वहिनींकडे गेले. जाण्याआधी फोन केला आणि म्हटलं, बोलायचंय. त्या स्वयंपाकघरात होत्या. फ्रीझर उघडा टाकलेला, बर्फ वितळायला खाली टॉवेल अंथरलेला, आणि ओट्यावर तुझ्या माशांची पाकिटं. प्रत्येकावर तुझ्या अक्षरात तारीख आणि हवा लिहिलेली. ढगाळ. रिमझिम. वारा. वहिनी म्हणाल्या, यांचं काय करू सांग. टाकवत नाहीत आणि शिजवायला हात उठत नाही.

मी खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. सप्टेंबरचा दिवस, खोड, छातीवरचा हात. जिन्याचं तुझं उत्तर आणि माझं हसणं. मेसेज, खोटा वारा. शेवटचा मेसेज मी फोन काढून त्यांना दाखवला. तू नको सांगू म्हणालास हेही सांगितलं. कुठेही स्वतःला सोडवून घेतलं नाही, एवढं मात्र केलं.

वहिनी उभ्याच होत्या. एक पाकीट हातात होतं, त्याचं पाणी मनगटावरून खाली गळत होतं. त्यांनी ते ओट्यावर ठेवलं, हात पुसले. मग अगदी हळू म्हणाल्या, "ते सगळ्यांनाच नको म्हणायचे, सुजाता. म्हणून काय ऐकायचं असतं?"

मी फोन खिशात ठेवला.

"मी त्यांना ओढत नेलं असतं," त्या म्हणाल्या. "नोकरी गेली असती तर गेली असती. मी ओढत नेलं असतं."

"हो, वहिनी."

"तू आता जा. मला राग आलाय आणि तो तुझ्यासमोर काढायचा नाही. मी फोन करीन."

मी उठले. मैत्री दारात उभी होती. कधीपासून ते कळलं नाही, पण तिनं ऐकलं होतं. ती माझ्याबरोबर बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि जिन्याच्या कठड्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता ती मला खोटारडी म्हणेल. म्हणायला हवं होतं. तिनं वेगळंच विचारलं. पापा घाबरला होता का?

खोडावर बसलेल्या तुला मी डोळ्यांसमोर आणलं, नीट, हसण्याच्या आधीचा तुझा चेहरा.

"हो," मी म्हणाले. "मला वाटतं, घाबरला होता."

तिनं मान हलवली. डोळे भरले, पण ती रडली नाही. दांके, म्हणाली, आणि आत गेली.

दादा, फोन अजून आलेला नाही. कदाचित उद्या येईल, कदाचित खूप दिवस येणार नाही. येईल तेव्हा मी उचलणार आहे आणि त्या जे बोलतील ते ऐकून घेणार आहे. मैत्रीनं अजून काही विचारलं तर तेही सांगणार आहे, जेवढं मला माहीत आहे तेवढं. तुझं मात्र आता ऐकणार नाही. तू नको म्हणालास तरी.

तुझी बहीण,
सुजाता